ठसका

चोंगचिंगमधलं ते दुकान
समोरून पाहिलं तर पाचव्या मजल्यावर,
मागच्या रस्त्याने आलं तर तळमजल्यावर.
आम्ही समोरून आलो, म्हणून आई धापा टाकत.
भिंतभर चिमण्या टांगलेल्या,
एकही चिवचिवत नव्हती.
‘हेच तर,’ विकणारा पोरगा म्हणाला,
‘आवाज नाहीच. पानं सळसळावीत, इतपत.’
आई म्हणाली, ‘आमचे हे बहिरे आहेत.
शांतता घरात पुष्कळ आहे. पुढचं बोल.’

(बाबांचे कान तिशीतच गेले, घणाच्या खात्यात.
मग कारखाना गेला, घण गेला,
डोक्यातला घणघणाट तेवढा
पेन्शनीसारखा चालू राहिला.)

पुढचं असं होतं:
एक चिमणी पालथ्या टोपलीसारखी, खोल, जुन्या वळणाची.
एक काचेची, ओठ मुडपून बसलेल्या पाहुणीसारखी,
ज्यांच्या घरी तळण होत नाही त्यांच्यासाठी.
आणि एक तिरकी, कढईच्या अगदी तोंडाशी वाकलेली,
शेजारीण डोकावून विचारते ना, आज काय गं?
तशी.
पोरग्याने तिरकीला एक लाकडी फळी टेकवली
आणि हात सोडला.
फळी तशीच चिकटून राहिली.
मी टाळी वाजवली. आईने नाही.
‘फळी कोण तळतं?’

मी टेप काढला.
ओट्याची उंची, आईचा खांदा, आईचं कपाळ.
एकशे शेहेचाळीस सेंटिमीटर आई,
चिमणीएवढीच.
टोपली वर टांगली तर धूर निसटणार,
खाली घेतली तर आईला टेंगूळ.
काच पुसायला स्टूल, स्टुलावर सत्तरीची बाई.
म्हणजे तिरकी. हिशेब सरळ होता.

‘धूर जातो कुठे?’ आईने विचारलं.
‘इमारतीच्या सामाईक धुराड्यात, आजी. मग गच्चीवर. मग ढगात.’
‘सत्तावीस मजल्यांचे मासे एकाच नळीत?’
‘हो.’
‘आणि कुणाचा कुठला, कुणालाच कळत नाही.’
पोरगा हसला.
ही तक्रार त्याला शिकवलेली नव्हती.

कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये चुली बाहेर होत्या,
व्हरांड्यात, एका रांगेत.
एकीच्या तेलात लाल मिरच्या पडल्या
की अख्खा मजला खोकायचा.
बाबा खाली बुद्धिबळात बुडालेले.
हाक त्यांना पोचत नसे,
ठसका पोचायचा.
डोळे पुसत उठायचे
आणि हातातलं प्यादं हातातच घेऊन जेवायला यायचे.
तीस वर्षांत आईने त्यांना हाक मारलेली नाही.

हे सगळं मला दुकानात आठवलं नाही, खरं सांगते.
मी हप्ते मोजत होते.

मंगळवारी माणूस आला. भोक पाडलं,
कागद चिकटवून दाखवला, बूट घालून गेला.
संध्याकाळी मासा झाला.
हवा कशी धुतल्यासारखी,
घरात कुणी रांधलं आहे याचा पुरावाच नाही.
बाबा खिडकीशी, नदीवरच्या धुक्याकडे बघत.
सात वाजले.
साडेसात.
मी उठले, त्यांचा खांदा हलवायला.
आईने मला डोळ्यांनीच खाली बसवलं.

कढई पुन्हा चढली.
पळीभर तेल, चार मिरच्या,
आपल्या तिरफळांच्या सख्ख्या बहिणी चिमूटभर.
आणि आईने ती नवी कोरी,
बारा हप्त्यांची चिमणी
बंद केली.

मला आधी लागला. मग तिला.
मग बाहेर खुर्ची सरकली.
‘मासा?’
बाबा दारात, डोळे लाल, नाक वाहतंय,
इतके खूश
की जसं कुणी नाव घेऊन बोलावलं.

आठवड्याने पोरग्याचा फोन.
पाचपैकी किती गुण द्याल, आजी?
आईने मासा उलटवला, जरा विचार केला.
‘ओढते चांगली,’ ती म्हणाली.
‘बंदही चांगली होते.’